उरलेल्यांतून उभा राहिलेला संघ

गेल्या दिवाळीत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे मुक्कामाला होता. विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तो शिकतो. वसुबारसेच्या संध्याकाळी घरात दिवे लागत होते आणि हा पठ्ठ्या मोबाइलमध्ये डोके खुपसून, कपाळाला आठ्या घालून बसलेला. मला वाटले, परीक्षेचा निकाल असेल. विचारले, तर म्हणाला, "मामा, आमच्या संघाला पहिल्या दोन फेऱ्यांत निवडच नाही. ती आम्ही गेल्या साली दुसऱ्याला देऊन बसलो. आता संघ बांधायचा कसा, सांगा."

चौकशीअंती कळले ते असे. वसतिगृहातली दहाबारा मुले अमेरिकेतल्या धंदेवाईक फुटबॉलचा एक काल्पनिक खेळ खेळतात. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन अंगावर धावून जायचा तो. प्रत्येकाने खरे खेळाडू आळीपाळीने निवडायचे आणि कागदावर आपला संघ उभा करायचा. ज्याची पाळी आधी, त्याला हिरे. ज्याची नंतर, त्याला खडे. लग्नात शेवटच्या पंगतीला बसणाऱ्याची जी गत, ती माझ्या भाच्याची झाली होती. जिलबी संपलेली, मठ्ठा तेवढा उरलेला.

मी इतिहासाचा माणूस. मला त्या खेळातले ओ की ठो कळत नाही. पण प्रश्न जुना आहे एवढे मात्र चटकन ध्यानात आले. म्हणून त्या रात्री चिवड्याची ताटली मध्ये ठेवून आम्ही दोघे बसलो. आधी त्याने मला त्याच्या अमेरिकेची गोष्ट सांगितली, मग मी त्याला आपली.

त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९३५ सालापर्यंत अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये कॉलेजातून बाहेर पडलेला चांगला गडी ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे जाई. श्रीमंत क्लब जिंकत आणि गरीब क्लब मार खात. फिलाडेल्फियाच्या क्लबाचे मालक बर्ट बेल यांनी त्या साली एक तोड सुचवली. सर्व खेळाडूंची नावे फळ्यावर लिहावीत आणि सरलेल्या हंगामात जो संघ तळाला गेला त्याने पहिले नाव उचलावे. १९३६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात नऊ क्लबांचे लोक जमले. फळ्यावर नव्वद नावे होती. तळाला होता तो बेलसाहेबांचाच क्लब! त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वांगर याचे नाव उचलले. त्याला पुरेल एवढा पैसा आपल्याजवळ नाही, असे पाहून त्याच्यावरचा हक्क शिकागोच्या क्लबाला देऊन टाकला. तिथेही सौदा जमला नाही आणि बर्वांगर त्या लीगमध्ये एकही सामना न खेळता नोकरीधंद्याला लागला. ज्या माणसाने पहिल्या निवडीची प्रथा काढली, त्याच्या हाती पहिल्या निवडीतून काहीच आले नाही!

पुढे या निवडीच्या पाळ्यांचा बाजार झाला. उद्याची पाळी द्यायची आणि आजचा तयार गडी घ्यायचा. लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने तर २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वर्षे पहिल्या फेरीत एकही नाव उचलले नाही. तरी २०२२ च्या फेब्रुवारीत अजिंक्यपद त्यांनीच पटकावले. अंतिम सामन्यात सर्वोत्तम ठरलेला कूपर कप हा तिसऱ्या फेरीत, एकोणसत्तराव्या क्रमांकावर उचललेला होता. म्हणजे अडुसष्ट वेळा तो लोकांच्या डोळ्यांसमोरून गेला आणि कुणाला दिसला नाही.

"मग तुझी अडचण काय?" मी म्हटले. "अडुसष्ट जणांना जे दिसले नाही ते तू पाहा."

"ते कसे पाहायचे, तेच तर विचारतोय," भाचा म्हणाला. उत्तर चोख होते. तेव्हा मी त्याला हैदराबादला घेऊन गेलो.

आजच्या मुलांना हे सांगावे लागते की १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड मुंबईचे नव्हते, हैदराबादचे होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या राज्यात आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतातल्या हैदराबाद राज्यात होते. इकडच्या हुशार मुलाने उच्च शिक्षणासाठी गाडी धरायची ती बहुधा उस्मानिया विद्यापीठाची, पुण्याची नव्हे. तेव्हा १९५० ते १९५४ या काळात हैदराबादचा जो संघ साऱ्या हिंदुस्थानात गाजत होता, तो कायद्याने आणि नकाशाने आमचाही संघ होता. त्याचे नाव हैदराबाद सिटी पोलीस.

नाव ऐकून भाच्याने भुवया उंचावल्या आणि त्याचे चुकले नाही. ज्या विद्यापीठाच्या आवाराला लागून त्याचे कॉलेज आहे, त्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. स्वामीजींना निजामाच्या तुरुंगात डांबणारे पोलीस आणि रझाकारांच्या धुमाकुळात हातावर हात धरून बसलेले पोलीस मराठवाड्याच्या आठवणीत आहेत. तेव्हा पोलिसांच्या संघाने चषक जिंकला म्हणून १९५० साली नांदेडात कुणी साखर वाटली असेल, असे मला वाटत नाही. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांतही तो संघ नाही. विसरण्याला कारण होते, हे मान्य केले पाहिजे. पण चेंडू खेळणाऱ्या अकरा पोरांचा त्यात काय दोष, हेही विचारले पाहिजे.

तर या संघाची अडचण भाच्यासारखीच होती, किंबहुना त्याहून वाईट. त्या काळी पहिल्या निवडीचा हक्क कलकत्त्याचा. कुणी तो कागदावर दिलेला नव्हता, पण होता. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्त्याची लीग जिंकणाऱ्या मोहमेडन स्पोर्टिंगने गडी जमवले ते देशभरातून. ईस्ट बंगालची १९५० च्या आसपासची आघाडीची फळी तर 'पंचपांडव' म्हणून विख्यात होती. सालेह, आप्पाराव, धनराज, व्यंकटेश, अहमद खान. पाचही दक्षिणेचे! वरवर सारे हौशी खेळाडू. आतून नोकरी, राहण्याची सोय, पाकीट. दक्षिणेने पिकवायचे आणि कलकत्त्याने खुडायचे, असा तो रिवाज होता.

पोलीस संघाजवळ द्यायला काय होते? खाकी गणवेश, शिपायाची कायमची नोकरी आणि १९५० पासून एक शाळामास्तर.

सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. अजय देवगण यांचा २०२४ सालचा 'मैदान' हा चित्रपट ज्यांच्यावर आहे, तेच. १९०९ साली हैदराबादेत जन्म, उस्मानियाची पदवी, पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका आणि शाळांतून मास्तरकी. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस होते. मला या माणसाच्या कर्तृत्वाची किल्ली या दोन हुद्द्यांत दिसते. शाळेत शिकवणारा आणि गावातल्या स्पर्धा भरवणारा माणूस एकच असला, म्हणजे कुठल्या गल्लीत कुठला पोरगा कसा धावतो ते त्याला कलकत्त्याच्या दलालाआधी कळते. पहिली पाळी त्याच्याकडे नव्हती. पण पाळी सुरू होण्याआधीची वर्षे त्याच्याकडे होती.

आणि ती वर्षे त्यांनी कशी वापरली, ते ऐकण्यासारखे आहे. आपल्याकडच्या खेळाडूला एक खोड असते. चेंडू मिळाला की तो स्वतःपाशी खेळवत राहायचा, चारजणांना हुलकावणी द्यायची आणि टाळ्या घ्यायच्या. रहीमसाहेबांनी अशा स्पर्धा काढल्या की ज्यांत हुलकावणीलाच बंदी. चेंडू आला की लगेच पुढे द्यायचा. दुसरी स्पर्धा काढली ती कमजोर पायाची. उजव्या पायाच्या गड्याने डाव्यानेच मारायचे. तिसरी ठरावीक उंचीच्या आतल्या मुलांची. आता पाहा, या तिन्ही स्पर्धांत सुरुवातीला सगळेच सारखे अडाणी ठरतात. ज्याला देवाने उपजत कसब दिले तोही डाव्या पायाने धडपडतो. मग वर येतो तो कोण? ज्याचे डोके चालते तो. उपजत हिरे कलकत्त्याला गेले तरी चालतील, अशी ही चाळणी होती.

तुळशीदास बलराम याची गोष्ट अशीच आहे. सिकंदराबादेजवळच्या खेड्यातला, घरची गरिबी. रहीमसाहेबांनी त्याला हेरले आणि हैदराबादेत सरावाला ये म्हणून सांगितले. यायला पैसे नाहीत, असे मुलगा म्हणाला. तेव्हा मास्तरांनी भाड्याच्या सायकलीसाठी खिशातून पैसे दिले. हा बलराम १९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकला गेला. आणि १९५७ साली? कलकत्त्याला, ईस्ट बंगालकडे! रिवाज सुटला नाही. पण मळ्यात दुसरे रोप तयार असे, एवढाच काय तो फरक.

फळ काय मिळाले, ते आकड्यांत सांगतो. मुंबईच्या कूपरेज मैदानावरची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ पासूनची. ती हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे जिंकली. दिल्लीची ड्युरँड स्पर्धा १९५० साली मोहन बागानला हरवून जिंकली, पुढे १९५४ आणि १९५७ साली पुन्हा. संघाचे नाव आंध्र पोलीस झाल्यावर १९६१ साली आणखी एकदा. नूर महंमद, अझीझुद्दीन, पुढे युसुफ खान ही नावे त्या संघातली. कलकत्त्याने खुडूनही एवढे उरले होते.

इथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. राज्याराज्यांची संतोष करंडक स्पर्धा १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोनदा हैदराबादने जिंकली आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरला तो मुंबईचा संघ. याच सुमारास १ नोव्हेंबर १९५६ आला आणि नांदेड हैदराबादेतून उठून मुंबईत आले. म्हणजे आम्ही जिंकणाऱ्या घरातून हरणाऱ्या घरात नांदायला गेलो! भाषेने मात्र माहेरी आलो होतो आणि तो आनंद मोठा होता. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात.

रहीमसाहेब भारताचेही प्रशिक्षक होते. १९५२ साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला दहा विरुद्ध एक असे धुतले. आपले बरेच गडी अनवाणी खेळत होते. १९५६ साली मेलबर्नला तेच आपण चौथे आलो. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. पण भाच्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर १९६२ च्या जाकार्तात आहे. तिथल्या आशियाई स्पर्धेत पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाशी हरलो. पुढे जर्नेलसिंग या कसलेल्या बचावपटूच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. बचावात ठेवावा तर धोका, बाहेर बसवावा तर गडी कमी. रहीमसाहेबांनी त्याला उचलून थेट आघाडीला घातले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. ४ सप्टेंबरला अंतिम सामना, समोर पुन्हा कोरिया आणि सारे मैदान आपल्या विरोधात ओरडणारे. पी. के. बॅनर्जींचा एक गोल, जर्नेलसिंगचा एक, आणि दोन विरुद्ध एक असे सुवर्णपदक! त्या संघात गोव्याच्या मातीतला फॉर्च्युनॅटो फ्रँकोही होता.

मास्तर तेव्हा कर्करोगाने पोखरलेले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले. आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारताला मिळालेले नाही. हैदराबादच्या फुटबॉलचा दबदबाही हळूहळू ओसरला. चाळणी धरणारा हात गेला की धान्य आणि खडे एकत्रच राहतात.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मामा, बलराम गेला तेव्हा मास्तरांना वाईट वाटले असेल ना?"

याचे उत्तर कुठल्याही कागदात मला सापडलेले नाही. मीही मास्तरकी केली आहे. नांदेडातून पुण्या-मुंबईला गेलेली माझी मुले मी मोजलेली नाहीत; मोजायला बसलो तर रात्र पुरणार नाही. त्याला एवढेच सांगितले की वाईट वाटले असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सराव वेळेवर सुरू झाला असेल.

भाऊबीज आटोपून तो विष्णुपुरीला परतला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. तिसऱ्या फेरीत कुणाला उचलले ते त्याने सांगितले, मला ते नाव उच्चारता येत नाही. शिवाय वसतिगृहामागच्या मैदानावर त्यांनी कमजोर पायाचा सामना भरवला होता. मी उत्सुकतेने निकाल विचारला.

"मामा," तो म्हणाला, "दीड तास खेळलो. दोन्ही बाजूंचा मिळून एकही गोल झाला नाही. रविवारी पुन्हा ठेवलाय."