वही कोणाची? दुकानाचं क्रेडिट कार्ड बंद करण्याआधी

आजचा प्रश्न पाकिटातला आहे. मॉलमध्ये कपडे घेताना काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "आमचं कार्ड घ्या, आजच्याच बिलावर सूट मिळेल." आपण फॉर्म भरतो, कार्ड घरी येतं, दोन-चार वेळा वापरलं जातं आणि मागच्या कप्प्यात जाऊन बसतं. वर्षभराने शुल्काचा मेसेज आला की प्रश्न पडतो: हे बंद करावं का? आणि केलं तर तो सिबिल का काय म्हणतात, तो आकडा खाली येईल का?

मी हे चंदीगडहून बोलतोय. इतिहासाच्या मालिकेत हा विषय कशाला, असं कोणी विचारेल. पण उधारीचं खातं कोणी लिहायचं, कोणी तपासायचं आणि ते संपलं असं कोणी म्हणायचं, यावरून आपल्याकडे दंगे झाले आणि कायदेही झाले. ती हकीकत माहीत असली की पाकिटातल्या कार्डाचा निर्णय सोपा होतो.

सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून करू. 12 मे 1875, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. पुढच्या काही दिवसांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जमावाला मुख्यतः हवे होते ते कर्जाचे कागद. ज्या सावकाराने खतं काढून दिली, त्याला बहुतेक ठिकाणी कोणी हात लावला नाही. खतं घ्यायची आणि जाळायची. खातं बंद करण्याचा दुसरा कोणताच मार्ग त्या कुळापाशी नव्हता. पैसे भरले तरी पावती मिळेलच असं नाही, वही सावकाराच्या घरात, आणि दिवाळीला नव्या वहीची पूजा झाली की मागची बाकी व्याजासकट पुढच्या पानावर ओढली जाणार.

चार वर्षांनी, 1879 मध्ये, दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. जमीन आणि जप्तीबद्दलची त्याची कलमं इतिहासाच्या पुस्तकात असतात. मला जास्त महत्त्वाची वाटतात ती शेवटाकडची साधी कलमं: शेतकऱ्याने पैसे दिले की लेखी पावती मागता येईल, वर्षाचा हिशेब मागता येईल, आणि त्याच्याजवळ राहील अशा पासबुकात तो लिहून घेता येईल. शिवाय वाद कोर्टात गेला तर न्यायाधीशाने व्यवहाराच्या पहिल्या दिवसापासूनचा हिशेब उलगडून पाहायचा. मुंबई इलाख्यात त्याआधीपासून दामदुपटीचा नियमही होता. कोणत्याही वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाहून जास्त होऊ शकत नसे.

आता पंजाबात येऊ. तिथे हीच वही 'बही' होती आणि सावकारांच्या बह्या लंडे किंवा महाजनी लिपीत असत. कर्जदाराला गुरुमुखी किंवा उर्दू येत असली तरी स्वतःच्या नावाचं पान वाचता येईलच असं नसे. 1930 मध्ये लाहोरच्या कायदेमंडळाने पंजाब हिशेब नियमन कायदा केला. युनियनिस्ट पक्षाचे छोटूराम अशा कायद्यांचे मोठे पुरस्कर्ते. सावकाराने प्रत्येक कर्जदाराचं वेगळं खातं ठेवायचं आणि दर सहा महिन्यांनी त्याला वाचता येईल असा, सही केलेला हिशेब द्यायचा. नाही दिला, तर कोर्ट व्याज नाकारू शकत होतं. दर महिन्याला येणारं आपल्या कार्डाचं स्टेटमेंट त्या सहामाही हिशेबाचंच पुढचं रूप आहे, असं मी मानतो.

मग 1947 आलं. लाहोर पलीकडे राहिलं. पूर्व पंजाबला राजधानी हवी होती, म्हणून चंदीगड वसवलं गेलं. 7 ऑक्टोबर 1953 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्याचं उद्घाटन केलं. फाळणीने विस्थापित झालेली असंख्य कुटुंबं या शहरात आली. त्यांच्यातले काही धनको होते, काही ऋणको, आणि कित्येकांच्या बह्या पलीकडेच राहिल्या होत्या. अशा कर्जांचं काय करायचं? त्यासाठी 1951 मध्ये विस्थापितांच्या कर्जांच्या तडजोडीचा स्वतंत्र कायदा झाला. विस्थापित ऋणकोला न्यायाधिकरणाकडे अर्ज करून आपली कर्जं ठरवून घेता येत होती, आणि 15 ऑगस्ट 1947 पासून त्याच्या कर्जावरचं व्याज थांबवलं गेलं. घर गेलं, दुकान गेलं, तरी खातं आपोआप संपत नाही. ते कोणीतरी अधिकाराने संपवावं लागतं.

ल कॉर्ब्युझिएने या शहरात प्रत्येक सेक्टरमधून दुकानांचा एक रस्ता नेला. भाजी, किराणा, औषधं घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मोठी खरेदी सेक्टर 17 मध्ये. घराजवळच्या किराणा दुकानातल्या उधारीची वही कोणत्याही शहरात सारखीच असते. महिन्याच्या सुरुवातीला पैसे दिले की दुकानदार पानावर आडवी रेघ मारतो. दोघांच्या डोळ्यांदेखत खातं निरंक. 2013 मध्ये औद्योगिक क्षेत्रात एलांते मॉल सुरू झाला. तशा मॉलमधल्या दुकानाच्या कार्डावर मात्र रेघ मारायला तिथलं कोणीच मोकळं नसतं, कारण वही त्यांच्याकडे नसते.

इथे एक फरक नीट समजून घेऊ. अमेरिकेत मोठी दुकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ग्राहकांना धातूचे बिल्ले देत. बिल्ला दुकानाचा, वहीही दुकानाची. तिथली अनेक दुकानी कार्डं आजही फक्त त्याच दुकानात चालतात, आणि इंटरनेटवर मिळणारे बरेच सल्ले त्या कार्डांना धरून असतात. आपल्याकडे वाट वेगळी. सेंट्रल बँकेने 1980 मध्ये क्रेडिट कार्ड आणलं, आणि दुकानं या धंद्यात आली ती बँकांचा हात धरून. कार्डावर नाव दुकानाचं ठळक असलं तरी कर्ज बँकेचं किंवा कार्ड कंपनीचं असतं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार दुकानाचं काम कार्डाचा प्रचार आणि वाटप करणं, तसंच आपल्या मालावर सवलती देणं एवढंच. तुमच्या व्यवहारांची माहितीसुद्धा त्याने पाहायची नाही.

म्हणून दुकान बुडालं तरी कार्ड बुडत नाही. एफबीबी या कपड्यांच्या दुकानांसाठी एसबीआय कार्डने 2017 मध्ये स्टाइलअप नावाचं कार्ड काढलं होतं. 2022 मध्ये फ्यूचर समूहाचा डोलारा कोसळला. अशा वेळी सवलतीचं कारण जातं आणि कर्जाचं खातं उरतं. उलटही होतं. सिटी बँकेचा भारतातला कार्ड व्यवसाय 1 मार्च 2023 रोजी ॲक्सिस बँकेकडे गेला. ग्राहकाने काहीच केलं नाही, तरी वही दुसऱ्या घरात गेली.

आणि आता वहीची एक नक्कलही असते. सिबिलची स्थापना 2000 मध्ये झाली, पतमाहिती कंपन्यांचा कायदा 2005 मध्ये झाला. आज अशा चार कंपन्या तुमची नोंद ठेवतात. 300 ते 900 मधला आकडा त्यातून निघतो. बंद केलेल्या खात्याची नोंद लगेच पुसली जात नाही. माहिती किमान 7 वर्षं जपली जाते. त्यामुळे नियमित फेडलेलं जुनं कार्ड बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा चांगला इतिहास नाहीसा होतो, ही भीती खोटी आहे.

खरी भीती वेगळी आहे, आणि ती साध्या भागाकाराची आहे. समजा, तुमच्याकडे दोन कार्डं आहेत, दोन्हींची मर्यादा 50,000 रुपये, आणि महिन्याचा खर्च 20,000. एकूण मर्यादेच्या 20 टक्के वापरलेत. दुकानाचं कार्ड बंद केलंत की तोच खर्च 40 टक्के होतो आणि आकडा खाली येऊ शकतो. पुढच्या सहा महिन्यांत घराचं कर्ज घ्यायचं असेल, तर हे मनात ठेवा आणि थांबा. मुख्य कार्डाची मर्यादा 4 लाख असेल तर दुकानाच्या 50,000 ने फारसं बिघडत नाही.

दुसरीकडे, कार्ड विसरून ठेवण्याचीही किंमत असते. वार्षिक शुल्क लागतं, बिल पाहायचं राहतं, त्यावर उशिराचा दंड आणि व्याज चढतं. हे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं, म्हणजे वर्षाला चाळिशीच्या पुढे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये घातलेली 30 टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केली. दामदुपटीचं कुंपणही इथे कामाला येत नाही. म्हणून माझं मत असं: शुल्क लागतं, दुकानात जाणं होत नाही आणि मर्यादेत त्या कार्डाचा वाटा छोटा आहे, तर बंद करा. शुल्क नाही, कार्ड सगळ्यात जुनं आहे आणि मर्यादेत त्याचा वाटा मोठा आहे, तर ठेवा. अधूनमधून त्यावर एखादं छोटं बिल भरा, कारण वर्षभर न वापरलेलं कार्ड तुम्हाला कळवून, 30 दिवस वाट पाहून बँक स्वतःच बंद करू शकते.

बंद करायचं ठरलं, तर दुकानात जाऊ नका, कार्ड देणाऱ्या बँकेकडे जा. आधी हप्ते आणि आपोआप कटणारी बिलं दुसरीकडे वळवा, साठलेले गुण वापरा, बाकी पूर्ण भरा. बाकी शिल्लक नसेल तर 7 कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे. नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे आहेत. थोडी रक्कम कमी घेऊन मिटवू, असं कोणी सुचवलं तर सावध राहा. अहवालात 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' हे वेगळे शेरे आहेत, आणि दुसरा पुढच्या कर्जाच्या वेळी आडवा येतो. महिना-दोन महिन्यांनी पतअहवाल काढून पाहा. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

कार्ड बंद झाल्याचं पत्र किंवा ईमेल मात्र जपून ठेवा. सुप्याच्या शेतकऱ्याला असा एक कागद मिळवायला 1879 पर्यंत थांबावं लागलं होतं.