डॉक्टर पडद्यावर आले, पण आपल्याकडं खोली कुठंय?

मंडळी, पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. विषय आपल्या चाळीसगाव तालुक्याचा आहे आणि त्यावर आपण चारचौघांत बोलत नाही, म्हणून लिहितोय.

मनाच्या आजारावर ऑनलाइन उपचार म्हटलं की आपल्याकडं दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे, हे कोरोनानं आणलेलं खूळ आहे. दुसरं, मोबाईलवर बोलून कुठं डोकं ताळ्यावर येतं का? या दोन्हींचं उत्तर इतिहासात आहे, आणि त्यातला बराच इतिहास महाराष्ट्रातलाच आहे.

सुरुवात अंतरापासून करू. राज्यात सरकारची मोठी मनोरुग्णालयं चार. नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं आणि चौथं पुण्याला येरवड्याचं. खान्देशात एकही नाही. इंग्रजांनी १८५८ मध्ये आणि पुन्हा १९१२ मध्ये वेड्यांसाठी कायदे केले. त्यात भर उपचारापेक्षा बंदोबस्तावर होता. न्यायाधीशाचा हुकूम, पोलीस आणि कुलूप. आपल्या भागातल्या माणसाला न्यायचं तर रेल्वेनं तीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, सोबत दोन नातेवाईक, आणि परत आल्यावर गावभर चर्चा. ‘ठाण्याला भरती करा याला’ हा आजही चेष्टेचा विषय आहे. जिथं उपचार मिळतात त्या गावाचं नाव आपण शिवीसारखं वापरलं, मग दुखणं सांगायला पुढं येणार कोण?

पण लोकांना सांगायचं होतं. नाव-गाव लपवून सांगायची सोय मिळाली की ते सांगत होते, याचा पुरावा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. कर्वे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. तरी जे डॉक्टरला आणि बायकोलाही विचारता येत नाही, ते लोक त्यांना पत्रातून विचारायचे. कर्वे छापील उत्तरं द्यायचे. वाचलं की कळतं, प्रश्न वरवर शरीराचा असतो आणि आत असते ती भीती, लाज आणि अपराधी वाटणं. या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरी कर्व्यांना दंड झालाच. लांबून, नाव न सांगता, जाणकाराला मनातलं विचारणं म्हणजे आजच्या भाषेत ऑनलाइन सल्लाच. फक्त मध्ये टपाल खातं होतं.

पडद्याचाही इतिहास जुना आहे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या मानसोपचार संस्थेत डॉ. सेसिल विटसन यांनी १९५९ मध्ये दोन बाजूंनी दिसणारा टीव्ही लावून शिकवायला आणि उपचाराला सुरुवात केली. पुढं १९६४ मध्ये ११२ मैलांवरचं नॉरफोकचं सरकारी रुग्णालय त्यांनी याच पद्धतीनं जोडलं. कारण तेच, जे आपलं आहे. तज्ज्ञ शहरात, रुग्ण लांब. आपल्या देशात चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेनं २०१० मध्ये पुदुकोट्टई जिल्ह्यात बस फिरवली. बसमध्ये पडदा, पडद्यावर चेन्नईचे मनोविकारतज्ज्ञ आणि औषधं बसमध्येच. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं २०१२ मध्ये ‘आयकॉल’ सुरू केलं. तिथं प्रशिक्षित समुपदेशक फोनवर आणि ईमेलवर बोलतात. हे सगळं कोरोनाच्या कितीतरी आधीचं.

मग बहुतेक डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ इतकी वर्षं पडद्यापासून लांब का राहिले? आळस नव्हता, दोन खरी कारणं होती.

पहिलं कारण शिक्षणाचं. मानसोपचारात नाडी आणि रक्ताच्या रिपोर्टपेक्षा माणूस बघावा लागतो. तो दारातून आत कसा येतो, बसतो कुठं, हात थरथरतात का, तोंडाला दारूचा वास येतो का, बायको बोलायला लागली की मान खाली घालतो का. मोबाईलच्या चौकटीत खांद्याच्या वरचा भाग दिसतो, वास येत नाही.

दुसरं कारण कायद्याचं. रत्नागिरीत एका बाळंतिणीवर डॉक्टर हजर नसताना फोनवरच्या सूचनेनं उपचार झाले आणि ती दगावली. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या डॉक्टर दाम्पत्याचा अटकपूर्व जामीन फेटाळला. प्रकरण मानसोपचाराचं नव्हतं. पण फोनवर औषध सांगितलं तर आपणच आत जाऊ, ही धास्ती सगळ्याच डॉक्टरांनी घेतली. फोनवर सल्ला द्यावा की नाही, कसा द्यावा, याचे स्पष्ट नियमच देशात नव्हते.

ते आले २५ मार्च २०२० ला. टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. केंद्रानं टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले. नोंदणीकृत डॉक्टरला व्हिडिओ, फोन किंवा लेखी संदेशावरून सल्ला देता येईल, रुग्णाची ओळख आणि संमती लागेल, नोंद ठेवावी लागेल, आणि काही औषधं अशा पद्धतीनं लिहून देता येणार नाहीत. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्सनं मानसोपचारतज्ज्ञांसाठी आणि मानसशास्त्रज्ञांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. आधी हे धाडस समजलं जायचं, आता दुसरा रस्ताच उरला नव्हता. रोजच्या गोळ्यांवर असलेला रुग्ण दवाखान्यात येऊ शकत नव्हता आणि गोळी मध्येच बंद झाली तर आजार उलटतो.

तेव्हा नाइलाजानं बसलेल्यांपैकी बरेच जण आजही पडद्यावर बसतात, कारण काम होतंय हे त्यांनी बघितलं. नैराश्य आणि चिंतेच्या आजारांत व्हिडिओवरच्या बोलण्याचा गुण समोरासमोरच्या बोलण्याइतकाच येतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. मर्यादाही कळल्या. माणूस आत्महत्येच्या टोकावर असेल, भास होत असतील, नशा उतरताना झटके येत असतील, तर पडदा पुरत नाही, दवाखाना गाठावाच लागतो.

सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला ‘टेलि-मानस’ सुरू केलं. नंबर १४४१६, फुकट, दिवस-रात्र. मार्च २०२५ पर्यंत देशभरातून जवळपास २० लाख फोन गेले. हे ‘खूळ’ असतं तर एवढ्या लोकांनी रात्री-अपरात्री नंबर फिरवला नसता.

आता आपल्या तालुक्याकडं येऊ.

देशात लाख लोकांमागं एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ पडत नाही, हिशेब पाऊणच्या आसपास येतो. आपल्या तालुक्याची लोकसंख्या २०११ लाच चार लाखांच्या वर होती. म्हणजे सरासरीनं मोजलं तरी वाट्याला तीन, आणि त्या सरासरीत मुंबई-पुण्याची गर्दी मिसळलेली आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभर प्रौढांमागं दहाच्या वर लोकांना उपचार लागावा असा मनाचा त्रास आढळला, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलाच नव्हता.

शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या तेव्हा २०१५ मध्ये राज्यानं ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. गावोगावी आशाताईंनी घरं बघायची, खचलेला माणूस हेरायचा, समुपदेशकापर्यंत पोचवायचा. योजना चांगली होती, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांपुरती. घाटाच्या वर कन्नड, तिथं योजना. घाटाच्या खाली चाळीसगाव, कापूस तोच, कर्ज तेच, पण जिल्हा जळगाव म्हणून योजना नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला घाटात पाऊस कोसळला, तितूर आणि डोंगरी शहरात घुसल्या. पंचनामे झाले. गुरं मोजली, दुकानं मोजली, घरं मोजली. पाऊस जोरात आला की ज्याला आजही झोप लागत नाही, त्याच्यासाठी पंचनाम्यात रकाना नाही.

अशा गावाला ऑनलाइन उपचार सोयीचा पडायला हवा. गाडीभाडं नाही, मजुरी बुडत नाही, आणि दवाखान्याच्या बाकावर ओळखीचं कुणी भेटत नाही. पण इथंच घोडं अडतं. पडदा आला तो पुण्या-मुंबईच्या घराचा हिशेब धरून. दार लावून तासभर एकट्यानं बोलता येईल, हे त्यात गृहीत आहे. आपल्याकडं दोन खोल्यांत सहा माणसं. सुनेनं सासूबद्दल बोलायचं, तर सासू भाजी निवडत समोर बसलेली. पोरानं बापाच्या दारूबद्दल बोलायचं, तर मोबाईलच बापाचा. मग माणूस गच्चीवर जातो, शेतात बांधावर जातो, आणि तिथं रेंज नसते.

भाषेचंही तसंच. टेलि-मानसवर मराठी आहे, अहिराणी नाही. ‘जीव घाबरस, मन्हं मन लागत नही’ असं म्हातारी सांगते, तेव्हा तिला प्रमाण मराठीत बोलायला लावलं की अर्धं दुखणं आतच राहतं.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात उपचार मिळणं हा हक्क आहे, आणि उपचाराची गुप्तता हासुद्धा हक्क आहे. मग ज्या माणसाला घरात गुप्तता नाही, त्याला ती द्यायची कुणी?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात एक खोली द्या. वाचनालयात, नगरपालिकेच्या एखाद्या इमारतीतही चालेल. दार लागणारी, आवाज बाहेर न जाणारी, चांगलं इंटरनेट असलेली, एक खुर्ची, एक पडदा. बाहेर ‘मानसोपचार’ अशी पाटी नको, ‘आरोग्य सल्ला’ पुरे. बाहेर बसायला अहिराणी समजणारी एक ताई. ई-संजीवनीवर आपल्या उपकेंद्रांतून तज्ज्ञांशी बोलायची सोय आधीच आहे, म्हणजे तार ओढून झाली आहे. पुदुकोट्टईत बस फिरली, आपल्याला बससुद्धा नको, खोली पुरे. येत्या आठवड्यात नगरपालिका आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना हे अर्ज लिहून देतोय. सोबत यायचं त्यांनी यावं.

तोवर दोन गोष्टी लक्षात ठेवा. ऑनलाइन कुणाकडंही पैसे भरण्याआधी नोंदणी विचारा. मनोविकारतज्ज्ञ असेल तर मेडिकल कौन्सिलची, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची. खरा माणूस नंबर सांगताना चिडत नाही. आणि १४४१६ आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा. स्वतःसाठी नको वाटत असेल, तर घरातल्या त्या एका माणसासाठी करा, जो हल्ली जेवताना बोलत नाही.