नागरिक कोणाचा? : गोव्याचे कैदी आणि राजनयाची भाषा

गोवामुक्तीचा इतिहास आपल्याकडे बहुधा १९ डिसेंबर १९६१ या तारखेपाशी येऊन थांबतो. मोहन रानडे मात्र त्यानंतरही सात वर्षांहून अधिक काळ पोर्तुगालच्या कैदेत होते. त्यांचे 'सतीचे वाण' वाचताना आम्हांला तुरुंगाच्या भिंतींइतकाच त्या भिंतींबाहेरचा व्यवहार महत्त्वाचा वाटू लागला. परक्या सत्तेच्या लष्करी न्यायालयाने कोंडलेल्या माणसाविषयी दोन राज्ये बोलतात, तेव्हा ती नेमकी कोणाविषयी बोलत असतात?

१९५५ च्या सत्याग्रहात ना. ग. गोरे, त्रिदिब चौधुरी, मधु लिमये हे गोव्यात शिरले. पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने त्यांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा ठोठावल्या. लिमये यांची शिक्षा बारा वर्षांची होती. रवानगी झाली आग्वादच्या किल्ल्यात. त्या वेळी दोन सरकारांमध्ये संवादाचे मार्ग एकेक करून बंद होत होते. लिस्बनमधील भारतीय वकिलात १९५३ मध्येच बंद झाली होती. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेल्यावर गोव्यातील भारतीय वाणिज्य दूतावासही उठला. पुढे भारताच्या हितसंबंधांची देखभाल इजिप्तकडे आणि पोर्तुगालची ब्राझीलकडे आली. कैद्याची साधी विचारपूसही तिसऱ्याच्या तोंडून होऊ लागली.

पण अडचण केवळ मध्यस्थाची नव्हती, शब्दांचीही होती. 'आमचे नागरिक परदेशी कैदेत आहेत' असे म्हणायचे, तर गोवा हा परदेश आहे हे त्याच वाक्यात मान्य होते. आणि सत्याग्रही तर तेच नाकारण्यासाठी सीमा ओलांडत होते. पोर्तुगालची मांडणी याच्या नेमकी उलट होती. त्याच्या लेखी गोवा हा सागरपार प्रांत आणि गोमंतकीय माणूस पोर्तुगीज नागरिक. त्यामुळे गोमंतकीय कैद्याविषयी दुसऱ्या कोणत्याही राज्याला बोलण्याचा अधिकारच उरत नव्हता. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ मध्ये आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलू शकेल असा स्वतंत्र भारतच अजून अस्तित्वात आलेला नव्हता.

फेब्रुवारी १९५७ मध्ये गोरे, लिमये, चौधुरी आदी भारतीय सत्याग्रही सुटले. गोमंतकीय कैद्यांपैकी अनेकांच्या वाट्याला ती सुटका आली नाही. रानडे तर सांगलीचे, म्हणजे निःसंशय भारतीय. परंतु आझाद गोमंतक दलाचे हे सशस्त्र कार्यकर्ते ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले होते. शिक्षा सव्वीस वर्षांची. निःशस्त्र सत्याग्रहीसाठी माफीचे दार किलकिले होऊ शकत होते. ज्याच्या हाती शस्त्र सापडले, त्याला कायद्याने केवळ गुन्हेगार ठरवले होते.

१९६१ नंतर पारडे उलटले. आता तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक गोव्यातील छावण्यांत भारताचे युद्धकैदी होते. तिकडे मोझांबिकमध्ये पोर्तुगालने भारतीय रहिवाशांना छावण्यांत डांबले, त्यांची मालमत्ता गोठवली आणि पुढे त्यांना देशाबाहेर काढले. शेवटपर्यंत लढण्याचा आदेश देणाऱ्या सालाझार यांना शरण आलेल्या आपल्या सैनिकांविषयी आस्था नव्हती. त्यांच्या परतीला मे १९६२ उजाडला. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांना तर मायदेशी गेल्यावर सैन्यातून बडतर्फ करण्यात आले.

या साऱ्या हिशेबात रानडे कोठेच बसत नव्हते. १९४९ च्या जिनिव्हा करारातील 'युद्धकैदी' या शब्दाने त्या सैनिकांना एक नाव दिले होते, आणि नावाबरोबर परतीचा हक्कही. युद्धापूर्वी सहा वर्षे पकडल्या गेलेल्या माणसाला तो शब्द लागू होत नव्हता. आमच्या मते या प्रकरणातील सर्वांत बोचरी गोष्ट हीच. ज्या भूमीसाठी ते तुरुंगात गेले ती मुक्त झाली, तिच्यावरचे शत्रुसैनिक घरी पोचले, आणि ते स्वतः लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात राहिले.

पुढची हालचाल झाली ती बरीचशी सरकारी चौकटीबाहेर. सुधीर फडके यांनी सुटकेसाठी समिती उभारून लोकमत जागवले. १९६८ मध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी व्हॅटिकनमध्ये पोप सहावे पॉल यांची भेट घेतली, तेव्हा त्यांनी रानड्यांसाठी शब्द टाकला. त्याच वर्षी सालाझार सत्तेवरून दूर झाले. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. अण्णादुराई ३ फेब्रुवारीला निवर्तले. गोमंतकीय लेखक तेलु द माश्करेन्यश यांना मात्र १९७० पर्यंत वाट पाहावी लागली. दोन देशांचे राजनैतिक संबंध पूर्ववत झाले, ते थेट १९७४ च्या अखेरीस.

तुरुंगवाङ्मय शिकवताना आपण कैद्याचे धैर्य, एकांत, चिंतन यांवर भर देतो, आणि ते योग्यच आहे. तरीही 'नागरिक', 'युद्धकैदी', 'गुन्हेगार' या शब्दांनी कोणाला दाराबाहेर आणले आणि कोणाला आत ठेवले, हेही त्याच वाचनाचा भाग व्हायला हवे, असे आम्हांला वाटते. शब्दांचे अर्थ तपासणे हे साहित्याच्या अभ्यासकांचे कामच आहे; आणि येथे त्या अर्थांची किंमत एका माणसाने तेरा वर्षांहून अधिक काळ मोजली आहे.