चेहऱ्याची मालकी : पॉप गायकांच्या बाहुल्या आणि इंग्लंडचा कायदा (१९६४-२०१५)

खेळण्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्या अभ्यासक्षेत्रात अद्याप पुरेशी रुजलेली नाही. भातुकलीतल्या ठकीला चेहरा असतो, परंतु तो कोणा विशिष्ट व्यक्तीचा नसतो. पॉप गायकाच्या बाहुलीचे बाजारमूल्य मात्र त्या व्यक्तीच्या ओळखीवरच उभे असते. ही ओळख विकण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा इंग्लंडच्या संदर्भात प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

फेब्रुवारी १९६४ मध्ये लिव्हरपूलचे बीटल्स अमेरिकेत दाखल झाले. त्याच वर्षी रेम्को या अमेरिकन कंपनीने त्या चौघांच्या बाहुल्या बाजारात आणल्या. सुमारे पाच इंच उंची, शरीराच्या मानाने मोठे डोके, कपाळावर आलेले केस आणि हाती वाद्य असे त्यांचे स्वरूप होते. चेहऱ्याचे साम्य बेताचेच. ओळख पटत असे ती केसांवरून.

या बाहुल्यांमागील करार अधिक उद्बोधक आहे. बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांनी अशा वस्तूंच्या परवान्यांचे काम आपले वकील डेव्हिड जेकब्स यांच्यावर सोपविले. जेकब्स यांनी ते निकी बर्न यांना दिले. बर्न यांच्या अमेरिकेतील कंपनीचे नाव ‘सेल्टेब’, म्हणजे बीटल्सचीच इंग्रजी अक्षरे उलट क्रमाने. परवान्यांच्या उत्पन्नापैकी ९० टक्के बर्न यांच्या पक्षाला आणि अवघे १० टक्के एप्स्टाइन यांच्या कंपनीला, अशी मूळ वाटणी होती. ज्यांचे रूप विकले जात होते, त्या चौघांचा वाटा या १० टक्क्यांतूनच निघायचा होता! पुढे वाटणी बदलली, वाद न्यायालयात गेला आणि या गोंधळात व्यापाऱ्यांच्या अनेक मागण्या रद्द झाल्या.

हा सारा दोष एप्स्टाइन यांच्या व्यवहारशून्यतेवर टाकण्याची प्रथा आहे. ती अपुरी वाटते. अमेरिकेतील अपील न्यायालयाने १९५३ मध्येच, च्युइंग गमसोबत मिळणाऱ्या बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांच्या खटल्यात, प्रसिद्ध व्यक्तीला स्वतःच्या छबीच्या व्यापारी वापरावर हक्क असल्याचे मान्य केले होते. इंग्लंडच्या कायद्यात असा हक्क नव्हता. जी गोष्ट मायदेशी मालमत्ताच मानली जात नव्हती, तिचे मोल लंडनमधल्या वकिलाला कमी वाटले असल्यास नवल नाही.

१९७७ च्या विधी-वृत्तात नोंदलेल्या ‘लिंगस्टाड विरुद्ध अनाबास’ या खटल्यात ही उणीव उघड झाली. आबा या स्वीडिश गायकगटाचे नाव व छायाचित्रे वापरून परवानगीविना वस्तू विकणाऱ्या कंपनीविरुद्ध त्यांनी मनाईहुकूम मागितला. न्यायालयाने तो नाकारला. अशा वस्तूंना गायकांची संमती आहे असे समजून ग्राहक फसतो, हे न्यायालयाला पटले नाही. तरीही १९७८ मध्ये छोट्या मोटारींसाठी प्रसिद्ध असलेल्या मॅचबॉक्सने आबाच्या चौघांच्या बाहुल्या काढल्या. परवाना घेऊन बाहुली काढणारा उत्पादक येथे नेमके काय विकत घेत होता? इंग्लंडपुरते पाहता, चेहऱ्यापेक्षा ‘अधिकृत’ हा शब्दच त्याच्या पदरात पडत असे.

स्पाइस गर्ल्सच्या वाट्याला दोन्ही अनुभव एकाच वर्षी आले. १९९७ मध्ये गॅलूब कंपनीच्या त्यांच्या बाहुल्या बाजारात आल्या आणि अमाप खपल्या; त्याच वर्षी जूनमध्ये पानिनी कंपनीच्या विनापरवाना चित्रसंग्रहाविरुद्ध त्यांनी मागितलेला अंतरिम मनाईहुकूम न्यायालयाने नाकारला. मे १९९८ मध्ये गेरी हॅलिवेल गटातून बाहेर पडल्या. बाहुल्यांचा गट मात्र अनेक घरांत पाचांचाच राहिला.

पुढे रिहाना या गायिकेने टॉपशॉपने विकलेल्या, तिचे छायाचित्र छापलेल्या टी-शर्टविरुद्ध दावा केला. २०१३ मध्ये तो तिच्या बाजूने लागला आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. तिने या वस्तूला मान्यता दिली आहे असा ग्राहकांचा गैरसमज होतो, एवढ्याच आधारावर ती जिंकली. स्वतःच्या छबीवर सर्वसाधारण मालकी हक्क इंग्लंडचा कायदा देत नाही, हे त्याच निकालात पुन्हा नमूद झाले.