लाकडी नौकांच्या प्रतिकृती आणि आपली हरवलेली गलबते

मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी “आपल्या कारागिरीच्या इतिहासावर चार पाने लिहून द्या” अशी आज्ञा केली, तेव्हा प्रस्तुत लेखकास विषय शोधीत बसावे लागले नाही. सेवानिवृत्तीनंतर ज्या एका छंदाने त्याचे दिवस व्यापिले आहेत, त्याचाच इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे मनात आले. तो छंद म्हणजे लाकडी जहाजांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती बनविणे. सांगलीच्या मास्तराने जहाजांविषयी लिहावे हे कित्येकांस विलक्षण वाटेल. घाटाखालचा समुद्र आपल्यापैकी अनेकांनी सहलीस गेल्यावरच पाहिलेला. तथापि आपणही नदीकाठचीच माणसे आहोत. कृष्णेवर १९२९ साली आयर्विन पूल झाला, त्यापूर्वी पैलतीरी जाण्यास नावेवाचून गती नव्हती. होड्यांच्या शर्यती पाहण्यास आजही सारे गाव घाटावर लोटते, आणि महापुराच्या वेळी गुऱ्हाळाची काहीलसुद्धा होडीप्रमाणे पाण्यात सोडलेली आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. शिवाय लहान प्रतिकृती करून मोठ्या वस्तूचे स्मरण ठेवणे ही गोष्ट आपणांस नवी नाही. दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला उभा करतात, त्यावर अळीव पेरतात, मावळे मांडतात. किल्ला घरोघर होतो, पण त्या किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्र करून त्यात गुराब सोडणारा मुलगा लेखकास आपल्या सबंध नोकरीत एकच भेटला; आणि त्याचीही गुराब आगपेटीची होती.

नौकेची प्रतिकृती करण्याची हौस मानवजातीत फार प्राचीन आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मेकेत्रे नावाच्या मिसरी अधिकाऱ्याच्या थडग्यात वल्ही, शिडे व नावाडी यांसह लाकडी नौका सापडल्या. हा शोध १९२० सालचा. आपल्याकडे गुजरातेत लोथल येथील उत्खननात भाजलेल्या मातीची छोटी नौका मिळाली. परंतु हे झाले धर्मकृत्य अथवा खेळणे. कारागिराने मापे घेऊन, अमुक फुटास अमुक इंच असे प्रमाण धरून प्रतिकृती करावी, ही पद्धत विशेषेकरून सतराव्या शतकात इंग्लंडच्या आरमारी खात्यात रूढ झाली. पाव इंचास एक फूट, म्हणजे मूळ वस्तूच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याची जहाजे सागाहून बारीक रेषेच्या लाकडात तयार होत. त्यांच्या तळाकडील फळ्या मुद्दाम लावीत नसत, कारण आतील बरगड्यांची रचना पाहणाऱ्यास दिसावी हा हेतू. सॅम्युअल पेपिस नावाचा त्या खात्यातील थोर चिटणीस अशा प्रतिकृती मोठ्या आवडीने जमवीत असे.

याहून मनोवेधक हकीगत युद्धकैद्यांची आहे. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेले फ्रेंच सैनिक व खलाशी पीटरबरो गावाजवळ नॉर्मन क्रॉस येथील बंदिशाळेत वर्षानुवर्षे पडून होते. जेवणातील मांसाची उरलेली हाडे घासूनपुसून, तासून त्यांनी त्यांची तोफांसह जहाजे घडविली आणि ती बाजारच्या दिवशी विकून चार पैसे मिळविले. हाती ना लाकूड, ना धड हत्यार! आज ती जहाजे मोठमोठ्या संग्रहालयांत काचेखाली आहेत. ज्यास रंधा व पटाशी वाडवडिलांकडून मिळाली आहे त्याने ही गोष्ट वाचून थोडे लाजावयास हरकत नाही.

आपल्या देशात जहाजबांधणीच्या कामगिरीची आठवण सर्वांत नीट जतन झाली ती मुंबईच्या वाडिया घराण्याची. लवजी नसरवानजी हे सुतार १७३६ साली सुरतेहून काही कारागीर बरोबर घेऊन मुंबईस आले. १७५० साली तेथे कोरडी गोदी झाली. या घराण्याच्या हातून इंग्रजांच्या आरमारासाठी सागवानी युद्धनौका उतरल्या. १८१३ सालच्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर १८४२ साली चीनबरोबरचा नानकिंगचा तह झाला. ‘त्रिंकोमाली’ या फ्रिगेटीची कथा तर नकाशे व प्रतिकृती करणाऱ्यांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे. तिचे नकाशे विलायतेहून ‘जावा’ नावाच्या जहाजाने निघाले. ते जहाज १८१२ साली अमेरिकनांनी लढाईत जिंकून जाळले आणि नकाशेही गेले. मग नवे नकाशे यावयाचे, काम सुरू व्हावयाचे, यात वर्षे लोटली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ती अखेर १८१७ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरली. दोनशे वर्षे उलटून गेली, तरी ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल बंदरात आज तरंगत आहे. मलबारच्या सागाची ही पुण्याई! मुंबईस राणीच्या बागेतील जे संग्रहालय १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते, तेथे आपल्या किनाऱ्यावरील नौकांच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. मुलांस मुंबई दाखविण्यास नेणाऱ्यांनी बागेतील प्राण्यांबरोबर त्याही दाखवाव्यात.

आता मूळ दुखण्याकडे वळू. वाडियांचे जहाज शिल्लक आहे, नकाशे आहेत, नावे आहेत. मराठ्यांच्या आरमाराचे काय?

शिवछत्रपतींनी १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी घेतली आणि तेथील खाडीत जहाजे बांधण्यास आरंभ केला. १६५९ साली रुय लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज जहाज-कारागिराच्या हाताखाली काम चालले होते. पुढे पोर्तुगीज मंडळी काम सोडून निघून गेली. तरीही आरमार उभे राहिले, १६६४ च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि १६६५ साली महाराज स्वतः आरमार घेऊन बसरूरच्या स्वारीस गेले. परके कारागीर गेल्यावर वाकस ज्यांच्या हाती राहिली ते कोण होते? आपल्या मुलांच्या क्रमिक पुस्तकांत त्यांचे नाव नाही. पुढे कान्होजी आंग्रे यांनी हे आरमार कीर्तीस नेले. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले आणि सरखेलीची वस्त्रे त्यांस साताऱ्याहून मिळाली. म्हणजे त्या गुराबांवर सत्ता आपल्या या घाटमाथ्यावरच्या गादीची होती. सातारा-सांगलीकडील माणसांनी समुद्र परका मानू नये तो यासाठी.

कान्होजी १७२९ साली वारले. त्यांचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचे आणि पेशव्यांचे वाकडे आले. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साह्य घेतले आणि १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसनचे आरमार विजयदुर्गावर चालून आले. क्लाइव्ह त्यात होता. आंग्र्यांच्या जहाजांत ‘रेस्टोरेशन’ हे पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेले जहाज होते. त्यावर तोफेचा गोळा पडून पेट घेतला, आणि एकास एक लागून बांधलेल्या गुराबा व गलबते पाहता पाहता भस्म झाली. गोदीत अर्धवट बांधलेली जहाजेही वाचली नाहीत. मराठ्यांच्या राज्यात मराठ्यांच्याच संमतीने मराठ्यांचे आरमार जळाले. या प्रकरणी लेखकाने वर्गात नेहमी आवाज खाली आणून धडा उरकला, हे येथे कबूल केले पाहिजे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात खोदलेली गोदी अजून आहे. तीत बांधलेले एकही जहाज नाही.

जहाज नाही, नकाशा नाही. मग प्रतिकृती करावी ती कशावरून? येथे शत्रूचे उपकार मानावे लागतात. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात या नौकांचे नेटके वर्णन केले आहे. लेखकाचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. एका प्राध्यापक स्नेह्यांनी तो भाग ओळीने समजावून दिला, तो असा. गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांच्या आत, तीनांची तीनशे टनांपर्यंत. पाण्यात खोल न बसणारी, लांबीच्या मानाने रुंद, मध्यापासून टोकाकडे निमुळती. पुढे लांबवर आलेली नाळ. तिच्या व मुख्य भागाच्या मध्ये लाकडी भिंत, त्या भिंतीच्या झरोक्यांतून दोन तोफा नाळेवरून पुढे मारा करीत. गलबत याहून लहान, सत्तर टनांच्या आतले. त्यास दोन डोलकाठ्या, पैकी मागची नाजूक, आणि मोठीवर एकच भले मोठे त्रिकोणी शीड. वजन हलके राहावे म्हणून वरचा तक्ता चिरलेल्या बांबूंचा आणि तोफांऐवजी फिरते जंबुरे. चाळीस-पन्नास वल्ही चालली म्हणजे वारा नसतानाही ते तासास चार मैल जाई. वारा पडला की इंग्रजांचे उंच जहाज जागीच डोलत राही, गलबते गुराबेस दोर लावून ओढीत आणीत आणि पाठीमागून गाठून मारा करीत.

या वर्णनाने लेखकाच्या एका जुन्या पापास वाचा फुटली. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्याने एके वर्षी कॅलेंडरावरील चित्र पाहून एक भव्य जहाज बनविले होते: तीन मजली मागचा भाग, चौकोनी शिडे, दोन्ही बाजूंस तोफांच्या रांगा, वर भगवा. ‘शिवकालीन युद्धनौका’ अशी पाटी लाविली. प्रथम पारितोषिक मिळाले, हारतुरे झाले. ते जहाज मराठ्यांचे नव्हतेच. स्पॅनिश गॅलिअन होती! शेकडो मुलांनी ती पाटी वहीत उतरवून घेतली. असली तयार जहाजे आजही भेटवस्तूंच्या दुकानांत मिळतात आणि समारंभांतून पाहुण्यांस मानाने दिली जातात. देणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो. पण ज्या गुराबेने त्या उंच जहाजांना जेरीस आणले, तिची जागा तिच्या शत्रूच्या जहाजाने घ्यावी, हे काही चांगले दिसत नाही.

प्रायश्चित्त म्हणून निवृत्तीनंतर गुराब हाती घेतली. जुन्या वाड्याच्या पाडकामातील सागवान विकत घेतले. नव्या लाकडापेक्षा ते मुरलेले असते आणि वाकत-पिळत नाही. प्रथम कणा, मग त्यावर बरगड्या, मग फळ्या. अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याच्या मापात दीड इंची फळी कागदाहून फार जाड राहत नाही. ती वाफेवर धरून वाकवावी लागते, आणि नाळेकडच्या वळणावर दहांतील चार तरी मोडतात. बारीक भोकांस सामता हाच बरा, विजेचे यंत्र लाकूड फाडते. दोऱ्या सुती दोऱ्यास मेण लावून कराव्यात. गलबताच्या तक्त्यासाठी बुरुडाकडून आणलेल्या कामट्या तासल्या म्हणजे फार सुरेख दिसतात. शोभेच्या कोरीव कामास हळदू चांगला. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची होतात, पण पांगारा हलका व मऊ. तोफगाडे करावयास तो उपयोगी नाही.

दोन वर्षांनी गुराब पुरी झाली. नाळेच्या तक्त्याभोवती लेखकाने हौसेने नक्षीदार कठडा बसविला होता. फळ्या जोडण्यास, जुनी रीत म्हणून, सरस वापरला होता. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, ते आमच्या घरातही शिरले. आठवड्याने परत आलो तो गुराब चिखलात आडवी पडलेली, सरस विरघळून फळ्या पाकळ्यांसारख्या उमललेल्या. त्या पुरात ब्रह्मनाळला होडी उलटून माणसे गेली; त्यापुढे एका खेळण्याचे दुःख कोणास सांगावे? कोणास सांगितलेही नाही. पुढे ती साफ करताना प्राध्यापकांकडून आणलेले टिपण पुन्हा वाचले. नाळेच्या तक्त्यास बाजू नसतात, असे त्यात स्वच्छ होते. समोरून लाट आली की गुराब फार आपटते, म्हणून तो भाग उघडा ठेवीत; आलेले पाणी अडू नये, सरळ वाहून जावे. माझ्या कठड्याने खऱ्या गुराबेच्या नाळेवर तळे साचले असते. कोणा अनामिक सुताराने अनुभवाने जाणलेली गोष्ट, दोन वर्षे नक्षी कोरणाऱ्या मास्तरास कळली नव्हती.

प्रतिकृतीचा उपयोग केवळ दिवाणखान्याच्या शोभेपुरता नाही, याचे ताजे उदाहरण द्यावयाचे तर ‘कौंडिण्य’चे द्यावे लागेल. अजिंठ्याच्या लेण्यांतील पाचव्या शतकातील जहाजाचे चित्र, हाच काय तो आधार. फळ्यांस खिळा नाही, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. केरळचे कारागीर बाबू शंकरन् आणि त्यांचे सहकारी यांनी गोव्यात ती घडविली, आणि लहान प्रतिकृती करून तिची पाण्यातील चाचणी मद्रासच्या आय. आय. टी.त झाली. मे २०२५ मध्ये ती नौदलात दाखल झाली, २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघाली आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली. चित्रावरून जे साधले ते वर्णनावरून साधू नये असे नाही. आणि हे वेड केवळ किनाऱ्यावरच्या माणसांचे आहे असेही नाही. शिडाच्या नौकेतून एकट्या भारतीयाने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास ज्यांनी घेतला, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या विंचुर्णीस राहत. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ती प्रदक्षिणा पुरी केली. आवटी २०१८ साली निवर्तले. कोरडवाहू विंचुर्णीत राहून समुद्राचे चिंतन करणारा हा गृहस्थ लेखकास प्रत्यक्ष भेटावयाचा राहून गेला, ही चुटपुट आहे.

सध्या दुसरी गुराब बरगड्यांपर्यंत आली आहे. या खेपेस नाळ उघडी आहे आणि सरसाऐवजी पाण्यास न जुमानणारा डिंक वापरला आहे. जुन्या रीतीच्या अभिमान्यांनी क्षमा करावी. आपल्या मंडळातील कित्येक घराणी दोन-चार पिढ्यांपूर्वी देवगड, राजापूर, मालवण या बाजूने घाट चढून आली आहेत. ज्यांच्या माळ्यावर जुनी वही, मापाची काठी, सनद अथवा गोदीतील कामाचा उल्लेख असलेला एखादा मोडी कागद असेल, त्यांनी तो रद्दीत न घालता मंडळाच्या कचेरीत दाखवावा. लेखकास मोडी वाचता येते. कागद त्याच दिवशी परत केला जाईल, आणि त्यात एखाद्या सुताराचे नाव निघाले तर ते या गुराबेच्या पाटीवर कोरले जाईल. पाटी तूर्त कोरी ठेविली आहे.