भारित खर्च आणि जप्तीचे वॉरंट : बीड जिल्ह्यातील वाढीव मावेजाच्या प्रश्नाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्यात भूसंपादनाच्या नुकसानभरपाईला 'मावेजा' हा शब्द रूढ आहे. निजामी राजवटीतील उर्दू कारभाराचा हा वारसा होय. भूसंपादन अधिकाऱ्याने निवाड्यात ठरविलेल्या रकमेवर न्यायालय जी वाढ देते तिला 'वाढीव मावेजा' म्हणतात. हुकूमनामा हाती पडला तरी ही रक्कम मिळेलच असे नसते. त्यासाठी शेतकऱ्याला 'महाराष्ट्र शासन, तर्फे जिल्हाधिकारी' यांच्याविरुद्ध दरखास्त दाखल करावी लागते. अखेरीस बेलीफ जप्तीचे वॉरंट घेऊन कचेरीत येतो आणि खुर्च्या, संगणक, वाहने यांवर जप्ती आणतो. २०२५ मध्ये बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या शासकीय वाहनावरच भूसंपादनाच्या थकीत मावेजापोटी जप्ती आल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते.

या घटनांकडे सामान्यतः प्रशासकीय दिरंगाईचा नमुना म्हणून पाहिले जाते. परंतु भारतीय संविधानाने न्यायालयीन हुकूमनाम्याच्या रकमेला राज्याच्या खर्चात अग्रस्थान दिले आहे. असे असता ती रक्कम मिळविण्यासाठी सरकारी खुर्ची उचलण्याची वेळ का यावी, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

शासनाच्या दायित्वाची परंपरा

राजाविरुद्ध दावा चालत नाही, हे इंग्लंडमधील जुने तत्त्व. भारतात मात्र ईस्ट इंडिया कंपनी ही व्यापारी संस्था असल्याने तिच्यावर दावा करता येत असे. १८५८ च्या कायद्याने कंपनीचा कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे गेला, तेव्हा हे दायित्व 'सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया इन कौन्सिल' या पदाकडे आले. कलकत्त्याच्या किदरपूर गोदीतील कामगारांच्या निष्काळजीपणामुळे एका जहाज कंपनीचा घोडा जखमी झाला. त्या प्रकरणात १८६१ मध्ये शासन भरपाईस जबाबदार ठरले. हा निर्णय पुढील शंभर वर्षे या विषयातील आधारभूत निर्णय मानला गेला. दायित्वाची हीच परंपरा १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून संविधानाच्या अनुच्छेद ३०० मध्ये आली.

दावा करता येणे ही एक बाब आणि हुकूमनाम्याची रक्कम तिजोरीतून बाहेर पडणे ही दुसरी. दुसऱ्या बाबीची तरतूद अनुच्छेद २०२ मध्ये आहे. न्यायालयाचा अथवा लवाद न्यायाधिकरणाचा निर्णय, हुकूमनामा किंवा निवाडा यांच्या पूर्ततेसाठी लागणारी रक्कम राज्याच्या एकत्रित निधीवर 'भारित' असते. राज्यपालांचे वेतन, राज्याच्या कर्जावरील व्याज आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन हे खर्चही याच पंक्तीत बसतात. अनुच्छेद २०३ अन्वये भारित खर्चावर विधिमंडळात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. न्यायालयाने मान्य केलेले देणे बहुमताच्या इच्छेवर अवलंबून राहू नये, हा यामागील विचार आहे.

बीड जिल्ह्यातील पार्श्वभूमी

बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचा १३०९ फसलीचा स्वतंत्र भूसंपादन कायदा होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद 'ब' वर्गातील राज्य म्हणून संविधानाच्या कक्षेत आले आणि अनुच्छेद २३८ द्वारे भारित खर्चाची तरतूद येथेही लागू झाली. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र, अशी पुढील वाटचाल सर्वज्ञात आहे.

अवर्षणप्रवण असलेल्या या जिल्ह्यात जमीन संपादनाचे प्रमुख कारण पाणी हेच राहिले. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणा नदीवर माजलगाव धरण झाले. केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा धरण उभे राहिले. १९७२ च्या दुष्काळात व पुढे रोजगार हमीच्या कामांतून पाझर तलाव व लहान तलाव झाले. दुष्काळी कामांच्या निकडीत पुष्कळदा जमिनीचा ताबा आधी घेतला गेला आणि भूसंपादनाची अधिसूचना मागाहून निघाली. अधिसूचनेपूर्वीच्या ताब्याच्या काळासाठी कायद्यातील व्याज मिळत नाही, त्या काळाचे भाडे वा नुकसानी वेगळी मागावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आर. एल. जैन प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे ज्याने दुष्काळात सर्वप्रथम जमीन सोडली, त्याचाच दावा अधिक गुंतागुंतीचा झाला.

१९८१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबाद येथे सुरू झाले. त्यामुळे बीडच्या शेतकऱ्याला वाढीव मावेजाच्या अपिलासाठी मुंबई गाठण्याची गरज उरली नाही. ही सोय अर्थातच शासनालाही उपलब्ध झाली.

देणे कसे वाढते

१८९४ च्या कायद्यान्वये निवाडा अमान्य असलेला शेतकरी कलम १८ खाली प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठविण्याची मागणी करीत असे. १९८४ च्या दुरुस्तीने या कायद्याचे आर्थिक स्वरूप बदलले. दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली. बाजारमूल्यावर वार्षिक १२ टक्के दराने अतिरिक्त रकमेची भर पडली. वाढीव रकमेवर ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के व त्यानंतर १५ टक्के व्याज ठरले. दिलासा रकमेवरही व्याज द्यावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सुंदर प्रकरणात ठरविले.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेता येईल. न्यायालयाने बाजारमूल्यात १ लाख रुपयांची वाढ दिली असे मानू. ३० टक्के दिलासा धरून रक्कम १,३०,००० रुपये होते. १२ टक्क्यांचा घटक वगळला, तरी ताब्यानंतर दहा वर्षे रक्कम न दिल्यास व्याजच १,८७,२०० रुपये होते. एकूण देणे ३,१७,२०० रुपये, म्हणजे त्यात व्याजाचा वाटा मुद्दलाहून अधिक.

याच दुरुस्तीतील कलम २८-अ ने एका शेतकऱ्याचा हुकूमनामा गावाचा आधार बनविला. त्याच अधिसूचनेतील ज्या शेतकऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली नव्हती, त्यांनाही निर्णयापासून तीन महिन्यांत तेवढ्याच दराची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येऊ लागली. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात दिलासा रक्कम १०० टक्के झाली. व्याजाचे दर मात्र तेच राहिले.

'भारित' या शब्दाची मर्यादा

येथे मूळ प्रश्नाकडे वळावे लागते. भारित खर्चाला मतदान लागत नसले, तरी विनियोजन कायदा लागतोच. त्याशिवाय एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. त्यासाठी संबंधित विभागाने रकमेचा अंदाज करून ती अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत समाविष्ट करावी लागते. संविधानाने विधिमंडळाचा संभाव्य अडथळा दूर केला, प्रशासनाचा विलंब दूर केला नाही. अमेरिकेत १९५६ मध्ये संघशासनाविरुद्धच्या निर्णयांसाठी कायमस्वरूपी विनियोजनाचा स्वतंत्र निधी निर्माण झाला. पात्र निर्णयांसाठी दर वेळी नवी मंजुरी घेण्याची गरज तेथे राहिली नाही. आपल्याकडे अग्रक्रम आहे, परंतु सिद्ध असलेला निधी नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ ने शासनाला हुकूमनाम्याच्या पूर्ततेसाठी तीन महिन्यांची मुदत दिली आहे. ती उलटल्याशिवाय दरखास्तीवर अंमलबजावणीचा आदेश निघत नाही. अर्थसंकल्पाचे चक्र वर्षाचे आणि सवलत तीन महिन्यांची, ही विसंगती लक्षणीय आहे.

१९९८ मध्ये गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर आणखी एक पायरी वाढली. हुकूमनाम्यात नाव जिल्हाधिकाऱ्यांचे असते, पैसा मात्र संपादन करविणाऱ्या यंत्रणेकडून यावा लागतो. महामंडळाला मिळणारे शासकीय साहाय्य सामान्यतः 'दत्तमत' मागण्यांतून येते, भारित खर्चातून नव्हे. परिणामी संविधानाने दिलेले संरक्षण वाटेतच क्षीण होते, आणि ज्या अधिकाऱ्याच्या हाती ती तिजोरी नाही त्याच्या दारी जप्ती येते.

लोकअदालतीतील तडजोडीबाबत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ अन्वये लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मानला जातो व त्यावर अपील नाही. शेतकरी व्याजाचा काही भाग सोडून तडजोड करतो तो रक्कम लवकर मिळावी म्हणून. ती वेळेवर न मिळाल्यास त्याच्या त्यागाचे प्रयोजनच उरत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. हुकूमनाम्याच्या रकमेला भारित खर्चाचा दर्जा देण्यामागे नागरिकाचा न्यायिक हक्क बहुमतापासून सुरक्षित ठेवण्याचा हेतू होता. बीड जिल्ह्याच्या अनुभवात हा हक्क विधिमंडळामुळे नव्हे, तर मागणीच्या कागदाच्या प्रवासात अडतो.

२. विलंबाने शासनाची बचत होत नाही. १५ टक्के व्याजाने प्रत्येक वर्ष सार्वजनिक निधीवरच बोजा टाकते. हे व्याज शेतकऱ्याला मिळत असले, तरी गेलेल्या जमिनीच्या जागी वेळेवर दुसरी जमीन घेण्याची संधी ते परत देत नाही.

३. हुकूमनाम्याच्या दिनांकापासूनच रकमेची व दैनंदिन व्याजाची नोंद जिल्हा पातळीवर व्हावी, ती संबंधित विभागाच्या लगतच्या पुरवणी मागणीत आपोआप जावी, आणि अपील करावयाचे असल्यास रक्कम न्यायालयात भरून व्याज थांबवावे. महामंडळांच्या प्रकल्पांसाठीही भारित स्वरूपाचा स्वतंत्र निधी असावा.

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळला गेला आणि अनुच्छेद ३००-अ मध्ये घटनात्मक हक्क म्हणून राहिला. धरणासाठी जमीन दिलेल्या बीडच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या हक्काचे मोल न्यायालयाने ठरविलेला मावेजा त्याच्या हाती कधी पडतो यावरच ठरते. ती रक्कम मिळविण्यासाठी बेलिफाला कचेरीची पायरी चढावी लागणे, हे 'भारित' या शब्दाचा संविधानाला अभिप्रेत असलेला अर्थ व्यवहारात उतरला नसल्याचे द्योतक आहे.