जाफराबादचा संगम व एका नदीचे नाव

जालना जिल्ह्यातील जाफराबाद हे केळणा व पूर्णा यांच्या संगमावर वसले आहे. जिज्ञासू प्रवासी तेथे तटबंदी, गढी आणि मशिदीवरील हिजरी १०७६चा (इ. स. १६६५-६६) फार्सी लेख यांचा शोध घेतो. गावाचे नावही फार्सीच. संगमाकडे मात्र अभ्यासकाची पावले क्वचितच वळतात. वस्तुतः ग्रामनामे राजसत्तेबरोबर पालटतात, नद्यांची नावे सहसा टिकतात.

केळणेच्या वाट्याला मात्र निराळेच दैव आले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिच्याच काठी, जाफराबादच्या वरच्या अंगास, असईची लढाई झाली. समोरासमोरच्या तीरांवर दोन गावे दिसताच मध्ये उतार असलाच पाहिजे, हे वेलस्लीचे अनुमान अचूक ठरले. नदीचे नाव मात्र इंग्रजी कागदांत ‘कैटना’ झाले! ळकाराचा टकार कानाने होणे कठीण. रोमन ‘एल’वर आडवी रेघ पडली की ‘टी’ होतो. ‘कैलना’ हे रूपही इंग्रजी लेखनात आढळते, यावरून हा दोष लेखणीचाच असावा. गॅझेटियरातील ‘खेलना’ हा महाप्राण मात्र कानाचा प्रमाद दिसतो. युद्धवर्णने वाचून ‘कैटना’ शोधीत येणाऱ्यास ती कोणी दाखवू शकत नाही. भोकरदनावरून येऊन जाफराबादेस पूर्णेला मिळणारी केळणा ती हीच.